बॉडी बदलली म्हणून वर्क्स मिनी नकली? अजिबात नाही

हायड्रोलास्टिक

विक्रीला आलेल्या त्या वर्क्स (म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या रॅली टीमच्या) मिनी कूपर एसबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "बॉडी बदललेली आहे. घेणारा नंबरप्लेटचे पैसे मोजणार, खरी गाडी कधीच भंगारात गेली." वाचून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ॲबिंग्डनला, म्हणजे मिनी बनवणाऱ्या बीएमसीच्या रॅली विभागात, गाड्या कशा वापरल्या जात ते माहीत असलेला माणूस असं लिहिणार नाही. एक अवघड रॅली झाली की बॉडी पिळवटून जायची. मग नवी बॉडी यायची, जुनीतलं कामाचं सामान तीत चढायचं आणि नंबर तोच राहायचा, कारण परदेशी रॅलीचे कस्टम्सचे कागद त्या नंबरावर असायचे. हे खुद्द कारखान्याने केलं. स्टुअर्ट टर्नर त्या विभागाचे प्रमुख होते तेव्हाही आणि त्यांच्यानंतर पीटर ब्राउनिंग आले तेव्हाही.

म्हणजे पत्रा कुठला हा प्रश्नच चुकीचा आहे. इतिहास सलग आहे का, ते विचारा. १९९० साली लंडनच्या हायकोर्टात 'ओल्ड नंबर वन' बेंटलीचा खटला गाजला होता. १९२९ आणि १९३०ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली ती गाडी, पण तेव्हाचं सामान तिच्यात फारच थोडं उरलेलं. तरी कोर्टाने तीच गाडी अस्सल धरली, कारण मधे कुठेही ती संपून दुसरी सुरू झाली नव्हती. मिनीला वेगळा न्याय का?

ट्विनएसयू

ते लिहिणारा मीच, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

बेंटली वर्षानुवर्षं थोडी थोडी बदलत गेली. मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. ती गेली की एका दमात गाडीच गेली. मागे उरतं ते इंजिन, गिअरबॉक्स, दोन सबफ्रेम (इंजिन आणि चाकं ज्यांवर बसतात त्या चौकटी) आणि चार डायल. आणि कारखान्याने बदललेल्या बॉडीचं कौतुक इथे कशाला? ॲबिंग्डनचं ते कॉम्पिटिशन डिपार्टमेंट १९७० मध्ये बंद पडलं. जाहिरातीत स्वच्छ लिहिलंय की बॉडी १९८०च्या दशकात बदलली. त्या पत्र्याला ॲबिंग्डनच्या माणसाचा हातही लागलेला नाही.

मला एका विक्रेत्याने वर्क्सचा वारसा सांगून मिनी विकली होती. लाल अंग, पांढरं छत, सम्प गार्ड (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा), हाल्डा (अंतर मोजायचं यंत्र), मिनिलाइट चाकं, सगळं जागच्या जागी. कार्पेट उचललं तर खाली कोरा पत्रा. रॅलीचं सामान बसवल्याचं एक जुनं भोक नाही, एक डाग नाही. पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले. तेव्हा 'सलग इतिहास' मला सांगू नका. ॲबिंग्डनवाले तरी कुठे इतके सोवळे होते? नियम वाकवायचेच. १९६६च्या मॉन्टे कार्लो रॅलीत दिव्यांवरून बाद झालेच ना?

नकाशावाचक

धाग्याच्या विषयावर नंतर बोलू. "नियम वाकवायचेच" हे आधी मागे घ्या.

१९६६ला माकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क, पहिले तिन्ही नंबर मिनीचे. अधिकाऱ्यांनी गाड्या खोलून तासन् तास मोजमाप केलं आणि शेवटी धरलं काय, तर हेडलाइटचे बल्ब! एकाच फिलामेंटचे क्वार्ट्झ आयोडीन बल्ब, आणि डिप करायचं तर फॉग लॅम्पवर जायचं. त्यावरून तिन्ही बाद. चौथ्या आलेल्या रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिनाही बाद. रोझमेरी स्मिथचं महिलांचं बक्षीस गेलं. जिंकलं कोण? सित्रोएन. रॅली मोनॅकोची, गाडी फ्रेंच. आणखी काय सांगू?

ट्विनएसयू

आणखी नियम सांगा. त्या वर्षी बीएमसी ग्रुप १ मध्ये उतरली होती. ग्रुप १ म्हणजे शोरूममधून निघते तशी गाडी. शोरूमच्या कूपर एसमध्ये ते बल्ब होते का? नव्हते. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. साठ वर्षं रडगाणं चालू आहे. सित्रोएनच्या पाउली टोइवोनेनने मात्र काही गुन्हा केला नव्हता. हातात दिलेली गाडी त्याने चालवली, आणि तुम्ही अजून त्याचा विजय मोजायला तयार नाही.

नकाशावाचक

टोइवोनेनला मी कधी नावं ठेवली? माझ्या तोंडी शब्द घालू नका.

मी रात्रीच्या हिस्टॉरिक रॅलींमध्ये को-ड्रायव्हर म्हणून डावीकडे बसतो. फॉग लॅम्पवर डिप केलं की उजेड खाली, रुंद पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. वेगाला त्याचा काडीचा फायदा नाही. इंजिनात काही सापडलं असतं तर मी पहिला गप्प बसलो असतो. बल्ब ग्रुप १च्या मंजूर सामानाच्या यादीत नव्हते हे खरं, तेवढं मान्य. पण त्यासाठी संपूर्ण निकाल उलटवायचा?

आणि पुढच्या वर्षीचं का सांगत नाही? १९६७ला टायर आठच वापरायची अट होती. तरी आल्टोनेन ओव्ह आंदेर्सोनच्या लान्चिया फुल्वियाच्या १३ सेकंद पुढे राहून जिंकला. त्या वेळी कुणाला दिव्यात खोट दिसली नाही.

सबफ्रेम

बल्बांचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, दोघेही. गाडी विकायची आहे, रॅली नव्हे.

मी या गाड्या खोलतो आणि जोडतो. ट्विनएसयूंच्या गाडीचं कार्पेट उचलल्यावर दिसलं ते खरं, नकली गाडी तिथेच उघडी पडते. पण १९८०च्या दशकात बॉडी बदललेल्या गाडीत जुनी भोकं मिळणारच नाहीत, म्हणून तो निकष इथे लावता येत नाही. सामान बघा. दिव्यांचे ब्रॅकेट, को-ड्रायव्हरपुढचं स्विचांचं पॅनल, वायरिंग, सम्प गार्ड. गाडी नवी असतानाच्या रॅलीतले फोटो समोर ठेवून एकेक जुळवा. हाताने बनवलेला ब्रॅकेट दुसऱ्यासारखा हुबेहूब नसतो. एका गाडीवर मी असंच केलं होतं. मालकाला बॉडीचा अभिमान होता, ती निघाली बाजारातली. खरं ॲबिंग्डन सापडलं डॅशबोर्डामागे, वायरिंगच्या जुडग्यात.

बाकी या गाडीला काचेत ठेवायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून नको. १९६४, १९६५, १९६७ च्या मॉन्टेच्या तिन्ही विजेत्या मिनी इंग्लंडमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयात उभ्या आहेतच. ही तरी धावू दे.

हायड्रोलास्टिक

१९८०च्या दशकाचा मुद्दा अडचणीचा आहे, नाकारत नाही. कारखान्याने बदललेली बॉडी आणि पुढच्या मालकाने बदललेली बॉडी एकाच किमतीची नव्हे. पण "खरी गाडी भंगारात गेली" हे तरीही चूक. सबफ्रेम, इंजिन, वायरिंग, लॉगबुक एकत्र राहिलं असेल तर गाडी तीच. कुणीतरी ती गंजून संपू दिली नाही, याचा राग का यावा?

ट्विनएसयू

राग त्याचा नाही. जुन्या बॉडीचं काय झालं हे जाहिरातीत कुठेच नाही. ती कापून टाकली, की कुणी नेऊन दुरुस्त केली? नेली असेल तर उद्या दुसरा माणूस उभा राहील आणि म्हणेल, मूळ पत्रा माझ्याकडे आहे, खरी वर्क्स गाडी माझी. एका नंबराच्या दोन गाड्या, आणि तुमच्या सलग इतिहासाचे दोन वारस. नव्या बॉडी जुन्या साच्यांवर मिळतात, त्यामुळे तिसरा निघायलाही वेळ लागणार नाही.

सबफ्रेम म्हणतात तसं सामान फोटोंशी जुळलं, आणि विक्रेत्याने बॉडी बदलल्याची बिलं व जुन्या बॉडीचा हिशेब दिला, तर ही ॲबिंग्डनची गाडी आहे असं म्हणायला मी तयार आहे. किंमत तरीही जास्तच आहे. आणि १९६६ला ते बाद झाले ते बरोबरच झालं.