लंपी आली की जिल्हाभर गुरांचा बाजार बंद: उपाय की नुसता देखावा?

गिरणाथडी
२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून राज्यातली लंपीची (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची) मोठी लाट सुरू झाली. सप्टेंबरात २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याखाली अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं आणि बाजार, शर्यती, जत्रा, गुरांची ने-आण सगळं थांबलं. तेव्हापासून कुठं चार गाठी दिसल्या की पहिली मागणी येते ती बाजार बंद करा ही. माझं स्पष्ट मत, जिल्हाभर सरसकट बंदी चुकीची आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही रोग निघाल्या जागेपासून १० किलोमीटरच्या आतले बाजार बंद ठेवायला आणि ५ किलोमीटरपर्यंतच्या गावांत लसीकरणाचं कडं करायला सांगितलंय. रावेरला लंपी निघाली म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या चाळीसगावचा बाजार का बंद?

बाजार बंद झाला म्हणून विक्री थांबत नाही, ती शिवारात जाते. व्यापारी रात्री गोठ्यावर येतो आणि भाव पाडून जनावर उचलतो. दाखला नाही, कानातला बिल्ला कुणी बघत नाही, जनावर कुठून कुठं गेलं याची नोंद नाही. बाजारात निदान गेट असतं, पावती फाटते. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही हा नियम आहे, तो गेटवरच राबवता येतो. बांधावर कोण राबवणार?

पशुवैद्य_साक्री
भाऊ, शिवारसौद्याचा मुद्दा मान्य. पण रोग पसरतो कसा ते आधी बघा, मग बाजार का बंद करावा लागतो ते कळेल.

लंपीचा विषाणू देवी गटातला, मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा भाऊबंद. तो मुख्यतः चावणाऱ्या कीटकांच्या तोंडावर बसून जातो. गोठ्यातली चावरी माशी, डास, गोचीड. चावरी माशी साध्या घरमाशीसारखीच दिसते, पण तिची सोंड पुढं सरळ सुईसारखी असते आणि ती पायांवर, खुराच्या वर बसते. तिचा डंख दुखतो. जनावर पाय आपटतं, शेपटी मारतं, माशी अर्धपोटी उठते आणि राहिलेलं रक्त प्यायला शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेला लागलेला विषाणू तिथं उतरतो. म्हणजे दोन जनावरं जितकी जवळ, तितकं माशीचं काम सोपं. बाजारात पन्नास गावांची जनावरं एकाच दाव्याला, खांद्याला खांदा लावून सात-आठ तास उभी असतात. माशीला याहून सोयीची जागा नाही.

दुसरं, माशी स्वतः फार लांब जात नाही. गावातून शेजारच्या गावात रोग माशी नेते. तालुका ओलांडतो तो टेम्पोतून. २०२२ चा रोग महिन्या-दीड महिन्यात राज्यभर गेला, तो काय उडत गेला?

तिसरं, लागण झाल्यापासून गाठी उठेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत हा काळ २८ दिवस धरतात. आज गेटवर गुळगुळीत दिसणारं जनावर पुढच्या आठवड्यात गाठींनी भरलेलं असू शकतं, आणि तोवर ते तिसऱ्याच गावात असतं.

गिरणाथडी
डॉक्टरसाहेब, इथंच माझा खरा विरोध आहे. ब्रिटनच्या पिरब्राइट संस्थेत यावर प्रयोग झालेत, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुद्दाम लागण केलेल्या वासरांपैकी काहींना गाठी आल्या, काहींना आल्याच नाहीत. दोन्हींवर डास आणि चावऱ्या माश्या बसवल्या. गाठी आलेल्या जनावराकडून कीटकाला विषाणू मिळायची शक्यता बिनगाठीच्या जनावरापेक्षा जवळजवळ शंभर पट जास्त निघाली. कारण उघड आहे. रक्तात विषाणू थोडा, गाठीच्या कातडीत भरमसाट.

म्हणजे धोका मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या जनावराकडून आहे. मग गेटवर गाठीचं जनावर अडवलं तर बराचसा धोका गेटबाहेर राहतो. २८ दिवसांच्या भीतीनं सगळा बाजार का मारायचा?

पशुवैद्य_साक्री
प्रयोग बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. बाजारात आज गाठ नसलेलं जनावर आज फारसं पसरवणार नाही, कबूल. पण ते विकलं जातं, नव्या गोठ्यात बांधलं जातं आणि तिथं त्याला गाठी येतात. धोका बाजाराच्या दिवशी नाही, आठ दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात आहे.

आणि गेटवरची तपासणी म्हणजे नेमकं काय करायचं तेही बघा. गुदद्वारात थर्मामीटर दोन मिनिटं ठेवायचा. निरोगी गाईचा ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट, लंपीत १०४ ते १०६. मग खांद्यापुढची आणि मागच्या मांडीपुढची लसिका गाठ बोटांनी चाचपायची. लंपीत ती अंगावरच्या गाठींच्या आधीच फुगते, लिंबापेक्षा मोठी लागते. शेपटीखाली, कासेवर, नाकपुडीत, मानेवर हात फिरवायचा, कारण सुरुवातीच्या गाठी दिसण्याआधी हाताला लागतात. पायाला सूज आहे का, डोळ्यातून पाणी आहे का. नीट केलं तर एका जनावराला चार-पाच मिनिटं. सकाळी सहाला बाजार भरतो, आठपर्यंत शेकडो जनावरं आत. दोन डॉक्टर आणि एक ड्रेसर काय बघणार? शिवाय आदल्या रात्री मेलॉक्सिकॅम (ताप उतरवणारं औषध) टोचून आणलं की थर्मामीटरला ताप दिसतच नाही. ही चलाखी सर्रास चालते.

आखाजी_बैलजोडी
डॉक्टरसाहेब, तुमनं म्हननं बराबर शे, पण शेतकऱ्याच्या बाजूनंही बोला. खान्देशात बैलांची मोठी उलाढाल दिवाळीनंतर आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत). सालदाराचं (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं) साल आखाजीला फिरतं, जोडीही तेव्हाच बदलतात. पण ज्याला ऑगस्ट-सप्टेंबरात दवाखान्याचं बिल भरायचंय, त्याला गाय तेव्हाच विकावी लागते. बाजार बंद असला की गरज त्याची आणि भाव व्यापाऱ्याचा.

नुकसानभरपाई मेलेल्या जनावराला मिळते. २०२२ ला दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. जिवंत जनावराचा पडलेला भाव कुणी भरून देत नाही. आणि बरी झालेली गाय आटली, कास गेली, गाभ टाकला, त्याचं काय? लंपीत शंभरात एक ते पाच जनावरं मरतात. मेलेल्यांपेक्षा मोडलेल्यांचा आकडा मोठा असतो.

केळीपट्टा
दोघंही बाजारावर अडलात. बाजार बंद करायची वेळ येते म्हणजे त्याआधीचं काम झालेलं नाही. लस पावसाळ्याआधी हवी, एप्रिल-मे मध्ये. शेळ्यांच्या देवीची लस (उत्तरकाशी स्ट्रेन) टोचल्यावर पुरतं संरक्षण यायला साधारण तीन आठवडे लागतात. गाठी दिसल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये लस आणली तर माशी आपल्या पुढं असते. त्या तीन आठवड्यांत लंपी झाली की गावात बोंब उठते, 'लसीनंच रोग आला'. लस वाया, विश्वासही वाया.

आणि लस देताना काय बिघडतं ते सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही:

ही जिवंत लस आहे. २ ते ८ अंशात राहिली तर जिवंत, नाहीतर कुपीत फक्त पाणी. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो. मोटारसायकलच्या डिकीत पिशवीत ठेवलेली कुपी दुसऱ्या गावाला पोचेपर्यंत संपलेली असते. बर्फाचा डबा हवा, आणि लस कालवायचं द्रावणही गारच हवं. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. म्हणून आधी जनावरं एका जागी बांधून घ्यायची, मग कुपी फोडायची. होतं उलट. कुपी कालवून दारोदार फिरतात आणि शेवटच्या वस्तीला पोचतात तेव्हा डोस मेलेला असतो.

टोचायच्या जागेवर स्पिरिटचा बोळा चोळायचा नाही, जिवंत लस स्पिरिटनं मरते. १ मिली, मानेवरची कातडी चिमटीत उचलून कातडीखाली, मांसात नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई. ही सगळ्यात मोठी चूक. एकाच सुईनं वीस जनावरं टोचली आणि तिसऱ्यात विषाणू होता, तर पुढच्या सतरांना माशीची गरजच नाही. ज्या गोठ्यात आधीच ताप-गाठी आहेत तिथं लस देऊ नये, आणि लस देणाऱ्यानं आधी निरोगी गोठे घ्यावेत, शंकेचे शेवटी. चार महिन्यांच्या पुढची सगळी वासरं धरा. मागच्या मोहिमेत जी जन्मलीच नव्हती त्यांच्या अंगात काहीच नसतं, म्हणून पहिल्या लाटेनंतर वासरांतच जास्त लंपी दिसते.

गिरणाथडी
केळीपट्टा दादा, हेच म्हणायचंय. हे सगळं नीट झालं तर लस झालेलं, बिल्ला असलेलं, २८ दिवस उलटलेलं जनावर बाजारात यायला काय हरकत?

पशुवैद्य_साक्री
त्या जनावराला माझीही हरकत नाही. पण ऑनलाइन नोंद लस 'दिली' एवढंच सांगते. केळीपट्टा यांनी आत्ताच सांगितलं की दिलेली लस कशी मेलेली असू शकते.

दूध_संकलन
मध्येच विचारतो, कारण रोज गिऱ्हाईक विचारतं. लंपीच्या गाईचं दूध चालतं का?

पशुवैद्य_साक्री
लंपी माणसाला होत नाही. उकळलेलं दूध चालतं. ६५ अंशाला अर्ध्या तासात हा विषाणू मरतो. कच्चं दूध पिऊच नये, पण ते लंपीसाठी नाही, ब्रुसेला आणि क्षयासाठी. गाभडलेल्या गाईची झार (वार) उघड्या हातानं काढू नका. लंपीनंही गाभ जातो, ब्रुसेलानंही जातो, आणि ब्रुसेला माणसाला होतो. दुधात धोका आहे तो अँटिबायोटिकचा. इंजेक्शनच्या लेबलवर दूध टाकून द्यायचे दिवस लिहिलेले असतात, तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालू नका.

आखाजी_बैलजोडी
मग ती इंजेक्शनं देताच कशाला? विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे तुम्हीच सांगता. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचा विड्याच्या पानांचा नुस्खा आहे. १० पानं, १० ग्रॅम मिरे, १० ग्रॅम मीठ, गुळात वाटून, पहिल्या दिवशी दर तीन तासांनी. गावात बऱ्याच जणांनी तेवढ्यावर भागवलं.

पशुवैद्य_साक्री
पानं द्या, मी अडवत नाही. जनावर तोंडात घास घेतं हाच मोठा फायदा. पण त्यावर थांबू नका. विषाणूवर औषध नाही हे खरं. अँटिबायोटिक देतो ते फुटलेल्या गाठीत आणि फुफ्फुसात शिरणाऱ्या जंतूंसाठी, पाच ते सात दिवस, पुरा कोर्स. दोन दिवसांनी ताप उतरला म्हणून सोडलं की न्यूमोनिया होतो आणि जनावर त्यातच जातं. पण साध्या ताप-गाठींना पहिल्या दिवशीच भारी अँटिबायोटिक मारणं हेही चूक, तेवढं मी तुमच्या बाजूनं बोलतो. तापाला मेलॉक्सिकॅम. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. मेलेल्या जनावरातून ते गिधाडांना मारतं. माणसाची मोठी कुपी आणून टोचू नका.

जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्कट गुलाबी पाण्यानं धुवा. आत आसडी (माशीच्या अळ्या) पडली असेल तर आधी ती काढा, मगच मलम; वरून मलम लावलं की आसडी आत खोल जाते. पायाला सूज असलेल्या बैलाला मऊ जागेवर बसवा आणि दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला, नाहीतर दाबाच्या जखमा होतात.

केळीपट्टा
माश्यांबद्दल दोन वाक्यं. चावरी माशी ओल्या, कुजणाऱ्या चाऱ्यात अंडी घालते, त्यात शेणमूत्र मिसळलेलं असेल तर आणखी बरं. आमच्या पट्ट्यात गोठ्यामागं केळीचे खांब आणि पानं टाकतात, वर शेणाचं पाणी. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळी उबेत साधारण तीन आठवडे. म्हणून तो ढीग आठवड्याला उकरून पसरवा आणि वाळवा, किंवा उकिरड्यावर ताडपत्रीखाली दाबून टाका. कपाशीवरचं फवारणीचं औषध गुरांवर मारू नका. दरवर्षी कुणीतरी मारतं आणि जनावर तडफडतं. गुरांसाठीचं डेल्टामेथ्रिन वेगळं मिळतं. लेबलवरच्या मापानं, उघड्या जखमा सोडून.

गिरणाथडी
सगळं ऐकून मी एवढंच बदलतो: १० किलोमीटरच्या आतली बंदी कडक हवी, त्यात सूट नको. त्याबाहेर लस, बिल्ला आणि गेटवर हातानं चाचपणी. जिल्हाबंदीला अजूनही विरोध.

पशुवैद्य_साक्री
मला १० किलोमीटर पुरत नाही. रावेरच्या पलीकडं मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर, नवापूरच्या पलीकडं गुजरात. सीमेपलीकडच्या गोठ्यात काय चाललंय हे आपल्याकडं उशिरा कळतं, आणि मध्यबिंदू तिकडं असला तर आपलं वर्तुळ कुठं काढणार? सीमेलगतच्या तालुक्यांत बंदी मोठीच ठेवावी लागेल.

आणि ज्यावर बंदी उठल्यावरही कुणी बोलत नाही ती गोष्ट: बरं झालेलं जनावर. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर, ३५ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. गाठ बसली, जनावर खाऊ लागलं म्हणून दुसऱ्याच सोमवारी ते बाजारात आणू नका. शेवटची खपली पडल्यावरही महिनाभर थांबा, पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा. गोठ्याची जमीन २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटनं धुवा, पण शेण आधी खरडून काढा. शेणावर ओतलेलं औषध शेणातच संपतं. वळूला लंपी झाली असेल तर गाईंना दाखवणं किमान दीड महिना बंद, कारण वीर्यात ४२ दिवसांपर्यंत विषाणू मिळालाय. मेलेल्या जनावराला आठ फूट खड्डा, खाली-वर चुना, विहीर आणि नाल्यापासून लांब. तापीच्या पात्रात टाकायचं नाही.

आखाजी_बैलजोडी
महिनाभर थांबायला सांगता, ते रास्त आहे. पण त्या महिन्याचा चारा कुणाचा? जेवढे दिवस बंदी तेवढे दिवस बाजार समितीनं चाऱ्याला हात दिला, तर शेतकरी आजारी जनावर लपवणार नाही. आज तो लपवतो, कारण सांगितलं की फक्त तोटा आहे. बंदीच्या आदेशातच चाऱ्याची तरतूद लिहा, मग १० किलोमीटर घ्या नाहीतर अख्खा जिल्हा घ्या, माझी तक्रार नाही.