भूतदया, काकळूट आणि काकुळती

डिचोलीहून प्रश्न:
आमच्याकडे सध्या रात्री जेवणं आटोपली की ‘श्यामची आई’चं एकेक प्रकरण वाचतो. परवा अकराव्या रात्रीचं नाव आलं, ‘भूतदया’. धाकट्यानं तिथंच अडवलं, “भुतांवर कसली दया?” आजीनं परस्पर निकाल दिला, “भूत म्हणजे जीव रे पुता. जिवांची काकळूट.” त्याचं समाधान झालं, मी मात्र अडकलो. मराठीत काकुळतीला येतो तो मागणारा. आमच्या घरातल्या कोंकणीत काकळूट दिसते ती देणाऱ्याला. हे असं उलटं कसं? आणि दया, करुणा, कणव यांपैकी त्या आईला नेमका कुठला शब्द शोभेल?

फोंड्याहून:
आजींचा अर्थ बरोबर आहे. ‘भू’ म्हणजे होणं. जे झालं, अस्तित्वात आलं ते भूत. पंचमहाभूतं त्यातलीच, भूतकाळही त्यातलाच. पसायदानात ‘भूतां परस्परें पडो, मैत्र जीवाचें’ म्हणताना कुणाला पिंपळावरचं भूत आठवत नाही, मग भूतदयेतच का आठवावं? शाळेत पसायदान पाठ असतं, अर्थ कुणी विचारत नाही, एवढंच.

काकळूट आणि काकुळती मला तरी एकाच घरातल्या वाटतात. दिशा उलटली यात नवल नाही, मराठीत करुणेचंही तेच झालंय. करुणा येते ती देणाऱ्याला, पण करुणा भाकतो तो मागणारा. रामदासांची करुणाष्टकं ही मागणाऱ्याचीच. कोंकणीनं देणाऱ्याचं टोक धरून ठेवलं. इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, प्रार्थनांत देवाकडे मागतात तीही काकळूटच, म्हणजे तिथंही ती देणाऱ्याच्याच पदरची.

मडगावहून:
‘दया’ हा शब्द मला त्या आईसाठी नको वाटतो. दया वरून खाली येते. ‘कीव’ तर आता शिवीच झाली आहे. “मला तुझी कीव येते” म्हटलं की भांडण ठरलेलं. अनुकंपा मुळात किती सुंदर! अनु आणि कंप, दुसऱ्याच्या कापण्यामागोमाग आपणही कापणं. पण सरकारी खात्यांनी ती ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’त अशी कोंबली की आता शब्द ऐकला तरी फाईल आणि मृत्यूचा दाखला दिसतो.

मी ‘कळवळा’ म्हणेन. तुकारामांनी त्याची व्याख्याच करून ठेवली आहे, आणि तीही लेकराचं हित वाहणाऱ्या माउलीचं चित्त सांगताना: ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’. फक्त एक अडचण आहे. कळवळ्यात आवाज आहे, पोटातली कळ आहे. अळणी भाजीचं प्रकरण आठवा. भाजीत मीठ पडलेलं नाही आणि वडील चकार शब्द न काढता जेवून उठतात, करणारीला वाईट वाटू नये म्हणून. तो कळवळा नव्हे. त्या गप्प राहण्याला मराठीत नाव काय?

केप्याहून:
‘जपणं’. मला तर वाटतं अहिंसेचं घरगुती नावच ते आहे. अहिंसा शब्द नकारातून आला. हिंसा करू नका, इथंच तो थांबतो. मग करायचं काय? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना ज्ञानदेव नकारावर थांबत नाहीत, चालायचं कसं ते सांगतात:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

कुचुंबणं म्हणजे चुरगळणं. हा शब्द आपण गमावला याची मला खंत आहे; ‘चुरगळणं’ कागदालाही चालतं, कुचुंबण्याला काहीतरी नाजूक लागतं. पुढच्याच ओवीत ‘सानुले’ जीव येतात आणि तो माणूस ‘कारुण्यामाजीं पाउलें लपवून’ चालतो. पाऊल करुणेत लपवायचं! अहिंसा आणि करुणा इथं वेगळ्या काढताच येत नाहीत.

साने गुरुजींनी पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, सत्याग्रहाच्या दिवसांत. तिथं अहिंसा हा राजकारणातला शब्द होता. पण आई बोलते ते ओटी-परसातलं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप, असं ती सांगते. ‘मुकी फुले’मध्ये कळ्या खुडल्याबद्दल श्यामला बोलते तेही जपण्याबद्दलच. वडिलांनी अळणी भाजी खाल्ली, ते तिचं मन जपण्यासाठी. जपण्यात वरचा-खालचा नसतो. पोर जपतात, म्हातारं माणूस जपतात, कौलावर चढताना स्वतःलाही जपतात.

डिचोलीहून:
आजीला ‘जपणं’ पटलं, पण काकळूट सोडायला ती तयार नाही. म्हणते, जपतात ते आपल्या माणसाला, परक्याची दिसते ती काकळूट; मोळी उचलता न येणाऱ्या म्हातारीपाशी आईनं श्यामला धाडलं ते का? यावर माझ्याकडे उत्तर नाही, केपेकरांकडे असेल तर सांगावं. धाकट्याला भूत म्हणजे जीव हे पक्कं कळलंय. तरी रात्री पिंपळाखालून येताना माझा हात घट्ट धरतोच.