अनुभव धागा: नागपूरच्या थंडीत तयारी, समुद्रकाठच्या उकाड्यात मॅरेथॉन

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि नागपूरहून बरीच मंडळी ती पळायला जातात. तयारी होते फुटाळ्याच्या काठाने, अंबाझरीला, वॉकर्स स्ट्रीटवर, दहा-बारा अंशांच्या पहाटे. तिकडे एखाद्या वर्षी पहाटेच २३ अंश असतात आणि दुपारी पारा ३५ ला टेकतो. अशा हवेत काय करायचं, किती करायचं आणि बिघडतं ते का बिघडतं, हे जाणकारांनी इथे लिहावं. कोण किती वेळात पळलं ते नको. आकडे, कृती आणि कारणं हवीत.

प्रशिक्षक, सिव्हिल लाइन्स

पहिला गैरसमज काढून टाकू या. "आम्ही ४५ अंशांत राहणारी माणसं, मुंबईची गरमी आम्हाला काय करणार?" हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो.

एक, नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. मे महिन्याच्या संध्याकाळी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा; तो जितका वर, तितकी हवा दमट) ११ च्या आसपास असतो. मुंबईत पहाटे २३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १९ च्या वर जातो. घाम अंगावरून उडाला तरच अंग थंड होतं, नुसता गळला तर नाही. मे महिन्यात आपल्या गच्चीवर तासाभरात वाळणारी चादर मुंबईच्या गॅलरीत दिवसभर ओलसर राहते, घामाचंही तेच होतं.

दोन, मे महिन्यात कमावलेली सवय जानेवारीपर्यंत टिकत नाही. उष्णतेची सवय सुटली की दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते. म्हणजे जानेवारीतला नागपूरकर हा थंडीतला धावपटूच असतो.

आता आकडे. पळताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस ताशी १० किलोमीटर पळत असेल तर ताशी ६५० किलोकॅलरी, आणि त्यातल्या ५०० च्या आसपास निव्वळ उष्णता. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. बारा अंशांत यातली बरीच उष्णता गार हवाच काढून नेते. २५ अंशांच्या पुढे तो भार घामावर येतो आणि दमट हवेत अर्धा घाम रस्त्यावर टपकून वाया जातो. शरीर मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच पेसला, म्हणजे पळण्याच्या त्याच गतीला, हार्ट रेट चढत राहतो.

म्हणून पेस तापमानावरून नाही, दवबिंदूवरून ठरवा. दवबिंदू १५ च्या आत असेल तर ठरलेला पेस चालेल. १८ च्या पुढे दर किलोमीटरला १५ ते २० सेकंद जास्त घ्या. २१ च्या पुढे घड्याळातला पेस झाकून ठेवा आणि पहिले २५ किलोमीटर पूर्ण वाक्य बोलता येईल अशाच श्रमाने पळा. ही सूट पहिल्या किलोमीटरपासून द्यायची, तिसाव्याला नाही. सुरुवातीला साठलेली उष्णता पळत असताना नंतर फारशी काढून टाकता येत नाही.

ज्यांना ही भीती अवाजवी वाटते त्यांनी दोहाचं उदाहरण पाहावं. तिथे २०१९ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन समुद्रकाठी, मध्यरात्री, ऊन नसताना झाली. तापमान ३० च्या वर, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर. ६८ जणी सुटल्या, २८ जणींना शर्यत सोडावी लागली. जगातल्या सर्वोत्तम धावपटू होत्या त्या.

हवामानाचा अभ्यासक, त्रिमूर्तीनगर

मुंबईत जानेवारीत उकाडा का होतो ते कळलं की अंदाज वाचणं सोपं जातं. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेकडून. दुपारच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्रावरचा वारा शहर थंड करतो. पूर्वेचा वारा जोरकस असला की हा बदल लांबतो आणि पारा ३५ कडे जातो. म्हणून आठवडाभर आधीपासून फक्त "कमाल" पाहू नका. वाऱ्याची दिशा, पहाटेची आर्द्रता आणि दवबिंदू तासागणिक पाहा. मुंबईत सांताक्रूझ आणि कुलाबा अशी हवामानाची दोन केंद्रं आहेत. कुलाब्याचं किमान तापमान बहुधा जास्त असतं, आणि फुलची, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनची, सुरुवात आणि शेवट त्याच बाजूला आहे.

समुद्राकाठी गार वारा मिळेल ही आशा शर्यतीच्या वेळी फारशी खरी ठरत नाही. तो वारा सुटेपर्यंत बहुतेक जण पोचलेले असतात. शिवाय पाठीमागून वारा आला आणि त्याचा वेग तुमच्याएवढाच असला तर अंगाला हवा लागतच नाही. पेस सोपा वाटतो पण अंग तापत जातं.

सूर्योदयाचा हिशेब करा. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा. फुल पहाटे ५ ला सुटली तर सव्वादोन तास अंधाराचे. पाच तासांत पूर्ण करणाऱ्याला पावणेतीन तास उजेडात काढायचे आहेत, तेही थकलेल्या पायांनी. सी लिंकवर सावली शून्य. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ शेवटच्या दहा किलोमीटरांत येतो आणि तिथे वेग कमी झाल्याने हवाही कमी लागते. मार्गात अधूनमधून बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा घेऊन कुठल्या किलोमीटरला आपण किती वाजता असू ते कागदावर मांडा.

आहारतज्ज्ञ, धंतोली

"किती पाणी प्यायचं?" याचं एकच उत्तर सर्वांना लागू नाही. आपला घाम मोजा. लघवी करून, कपडे काढून वजन. शर्यतीच्या पेसने बरोबर एक तास पळा, प्यायलेलं पाणी मोजून ठेवा. परत अंग पुसून, कपडे काढून वजन. समजा आधी ६६.२, नंतर ६५.४ आणि मधे ३०० मिली प्यायलात, तर घाम ०.८ अधिक ०.३, म्हणजे ताशी १.१ लिटर. ही चाचणी जानेवारीच्या पहाटे केली तर आकडा फसवा लहान येतो. दुपारी दोन-अडीचला, ऊन असताना करा.

या माणसाचा साडेचार तासांत जवळपास ५ लिटर घाम जाईल. तो सगळा भरून काढायचा नाही, जमणारही नाही. ताशी ७०० मिली घेतलं तर तूट १.८ किलोच्या आसपास, वजनाच्या पावणेतीन टक्के. एवढी चालते. ताशी ७०० म्हणजे दर पंधरा मिनिटांना १७५ मिली. घोट घोट, पहिल्या अर्ध्या तासापासून.

मीठ: घामाच्या लिटरमागे सोडियम माणसागणिक खूप बदलतं, साधारण ४०० ते १५०० मिलिग्रॅम. काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही वरच्या गटातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस पाकीट एक लिटर पाण्यात घातलं की सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम होतं. ताशी २५० मिली घेतलं तर ४३० च्या आसपास मिळतं, बहुतेकांना पुरतं. पूर्ण पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घोळू नका, कोरडी पूड तोंडात टाकू नका. दाट द्रावण पोटात पाणी ओढतं आणि मळमळ होते. दुकानातल्या गोड टेट्रापॅकवर नाव काहीही असो, मागचा सोडियमचा आकडा वाचूनच घ्या. ओआरएसमध्ये साखर कमी असते, त्यामुळे ऊर्जेसाठी जेल (धावताना खायचं साखरेचं घट्ट मिश्रण) किंवा खजूर वेगळे लागतात, आणि जेल साध्या पाण्यासोबत.

आदल्या दिवशी सावजी आणि तर्री-पोहे टाळा. कोशिंबीर, उसळही कमी. वरणभात, दहीभात, बटाटा, केळी, आणि जेवणात नेहमीपेक्षा थोडं जास्त मीठ. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आणि गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रशिक्षक, सिव्हिल लाइन्स

मिठाच्या गोळ्यांबद्दल विचारणा होते. गोळी खाल्ली म्हणून वाटेल तेवढं पाणी पिता येतं, असं नाही. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते गोळीने सावरत नाही.

सवय करण्याबद्दल: शर्यतीआधीचे दहा ते चौदा दिवस वापरा. पहिल्या तीन-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, मग घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो. हे दिवस टेपरचे, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याचे, असल्याने अंतर वाढवायचं नाही, फक्त वेळ बदलायची. पहाटेऐवजी दुपारी, फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि वर विंडचीटर घालून ४० ते ६० मिनिटं हळू. शर्यतीआधी तीन दिवस हे थांबवा. ताप, जुलाब किंवा सर्दी असेल तर हा प्रयोग अजिबात नको. थंडीत घरी आलं की बादलीभर गरम पाण्याने अंघोळ करण्याचा उपयोग कमीच, संशोधनात वापरतात ते ४० अंशांच्या टबात अर्ध्या-पाऊण तासाचं बुडणं. एकट्याने ते करू नका, उठताना चक्कर येते.

अल्ट्रा धावणारी, सेमिनरी हिल्स

कपडे: सुती बनियन घरी ठेवा. पातळ, सैल, फिका सिंगलेट (बिनबाह्यांचा टी-शर्ट) आणि जाळीची पांढरी टोपी. 

दमट हवेत अंग शेवटपर्यंत ओलं राहतं, म्हणून घासल्या जाणाऱ्या जागा नेहमीपेक्षा दुप्पट. मांड्यांच्या आत, काखेत, ब्राच्या पट्टीखाली, पुरुषांनी स्तनाग्रांवर. पेट्रोलियम जेली जाड लावा, स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप, आणि टेप आधी, जेली नंतर. उलट केलं तर टेप दहाव्या किलोमीटरला सुटतो.

पाणी डोक्यावर ओतताना कंबरेतून पुढे वाका. सरळ उभं राहून ओतलेलं पाणी पायांवरून बुटात जातं, मोजे भिजतात आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढे फोड येतात. ओतण्यापेक्षा बर्फ कितीतरी चांगला, वितळताना उष्णता ओढून घेतो, हवा दमट असली तरी. टोपीखाली मूठभर, रुमालात गुंडाळून मानेवर. स्पंज मिळाला तर मान, कोपराची आतली बाजू आणि मनगटं.

डॉक्टर, वैद्यकीय पथकात काम करणाऱ्या

तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

शेवटची रेषा ओलांडून थांबल्या थांबल्या कोसळणं हे बहुधा पायांत रक्त साचल्यामुळे होतं. झोपवून पाय वर करा, मिनिटांत बरं वाटतं. म्हणून रेषेपाशी थांबू नका, चालत राहा.

बोटं सुजणं, घड्याळाचा पट्टा आवळणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा आणि वजन उलट वाढलेलं, ही जास्त पाण्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी पाणी देणं घातक आहे, सलाईनही तपासल्याशिवाय नाही.

तिसरा उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर आणि मेंदूवर परिणाम: बरळणं, झोकांड्या, चिडणं, दिशा चुकणं. पळताना झालेल्या उष्माघातात त्वचा घामाने चिंब असू शकते, "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" हे समीकरण जीव घेतं. कपाळावरचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, गुदद्वारातलं मोजमापच खरं. आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब सर्वांत उत्तम, अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणणं हे लक्ष्य. टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून चौघांनी कडा उचलून धरायच्या, बर्फ-पाणी ओतून हलवत राहायचं. तेही नसेल तर बर्फात बुडवलेले टॉवेल डोकं, मान, काखा, जांघांवर, दर दोन मिनिटांनी बदलून. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, थंड करणाऱ्याचे हात थांबता कामा नयेत.

आणि पळण्याआधी किंवा पळताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर त्यांचा मार बसतो.

पाण्याचा स्टॉल सांभाळणारे, मनीषनगर

आपल्याकडच्या शर्यतींनाही हे लागू आहे. उकाड्याच्या दिवशी प्रत्येकी पिण्याचं २०० मिली धराल तर ओतायचंही तेवढंच धरा, साठा दुप्पट. त्यातला एक तृतीयांश मागच्या धावपटूंसाठी झाकून ठेवा. ते सर्वांत तापल्या वेळी येतात आणि नेमकं तेव्हाच टेबल रिकामं असतं. पिण्याचं पाणी आणि ओतायचं पाणी वेगळ्या टेबलांवर, किमान वीस पावलांच्या अंतराने. नाहीतर ओतायच्या मगातलं पाणी प्यायलं जातं.

धावपटूंना एक विनंती: बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे रक्तगट, आजार, चालू औषधं आणि त्या दिवशी मुंबईत असलेल्या माणसाचा नंबर लिहा. बॉलपेनने लिहा, जेल पेनची शाई घामाने सातव्या किलोमीटरलाच पसरते.