'इंजिनिअर्ड लेबर स्टँडर्ड'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवाद_वेंगुर्ला: इथल्या एका काजू कारखान्यासाठी भिंतीवरचा तक्ता मराठीत करतेय. त्यात 'इंजिनिअर्ड लेबर स्टँडर्ड' आहे, म्हणजे एका कामाला किती वेळ लागावा याचा मोजून काढलेला आकडा. 'अभियांत्रिकीय श्रममानक' लिहिलं. साल काढणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं, तर एकीनं लगेच विचारलं, "म्हणजे कोटो वाढयल्यानी काय?" शब्द सुचवा, सोमवारी छपाई आहे.

लोटे_फिटर: मग 'कोटा'च लिहा. आमच्या एमआयडीसीत सगळे तेच म्हणतात.

घड्याळकाका: कोटा नको. तो साहेब ठरवतो, स्टँडर्ड मोजून निघतं. समजा, एक ताट सोलायला 10 मिनिटं लागली आणि त्या बाईचा हात चपळ, रेटिंग 110 टक्के, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या दहा टक्के वर. साधारण हाताला झाली 11 मिनिटं. त्यावर थकवा, पाणी पिणं यांची 15 टक्के सूट धरली की 12.65. ही सूट आत आहे, हे त्या बायकांना कळायलाच हवं. आम्ही 'प्रमाणवेळ' म्हणायचो.

शुद्धमराठी: प्रमाणवेळ घड्याळाची, भारतीय प्रमाणवेळ! आपल्याकडे 'उक्तं काम' आहे ना? संस्कृत 'उक्त', म्हणजे बोलून ठरवलेलं.

लोटे_फिटर: व्युत्पत्ती राहू द्या. विहीर उक्ती देतात तेव्हा सगळ्या कामाचे मिळून पैसे ठरतात. मिनिटं कोण मोजतो?

माहेर_सावंतवाडी: माझी आई किलोवर सोलायची. बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या गरम कपाटात, गर नीट सुकला नाही की साल चिकटून बसते, नखानं खरवडावी लागते. त्यात गर मोडून पाकळी झाली की दर उतरतो. बारीक बी असली की किलो भरता भरत नाही. शब्द कुठलाही घाला, पण हा आकडा कुठल्या गरासाठी, ते शेजारी लिहा.

घड्याळकाका: अगदी खरं. 240 नंबरचे गर पौंडाला 220 ते 240 बसतात, 450 नंबरचे 400 ते 450. किलोमागे जवळपास दुप्पट गर हाताखालून जातात. माल किंवा पद्धत बदलली की पुन्हा मोजायचं.

शुद्धमराठी: 'बोर्मा' पोर्तुगीज का?

माहेर_सावंतवाडी: केरळात बेकरीच्या भट्टीलाही बोर्माच म्हणतात. तिकडून आला असेल.

लोटे_फिटर: भट्टी म्हटलं तर काय बिघडतं?

माहेर_सावंतवाडी: भट्टीत बी भाजतात, बोर्म्यात गर सुकतो. दोन वेगळी कामं.

अनुवाद_वेंगुर्ला: 'मोजून ठरवलेला वेळ' लिहू? सूट आणि गराचा नंबर वेगळ्या रकान्यांत.

शुद्धमराठी: लांबलचक आहे. पण 'ठरवलेला' बरोबर. वेळ लागतो तो पुल्लिंगी, वेळ होते ती स्त्रीलिंगी.

घड्याळकाका: मग आमची प्रमाणवेळ 'तो' की 'ती'?