मरघटातली चिंच किती जुनी? आन् मरघटाचा जुना कागद कुठं भेटते?

कुहीवाला: राजेहो, गावच्या मरघटात एक मोह, चारदोन कडुलिंबं आन् एक दांडगी चिंच आहे. आता दहनशेड आन् पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. ठेकेदार म्हणते, चिंच आडवी येते. मोहाखाली गोंडांची माती आहे, चिंचेखाली साऱ्या गावाची लहान लेकरं पुरलेली आहेत. माह्या आजीचा पहिला पोरगा तिथंच आहे. तिनं त्या झाडाची चिंच कधी तोंडात घातली नाही. म्हातारे म्हणतात झाड दोनशे वर्षांचं. ग्रामसभेत बोलाचं तर हे पक्कं कसं करू?

निवृत्त तलाठी: भाऊ, वय राहू द्या, आधी कागद काढा. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराच्या नोंदीत, जाळण्या-पुरण्याची जागा, गुरचरण, वहिवाट सारं लिहिलेलं असते. मग 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, पाहा. त्याच्याही मागं जायचं तर मालगुजारीच्या काळातली बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याची फाईल, जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. अर्जात जुना खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा तेव्हाचा नंबर) टाका, आजच्या गट नंबरावर तिथं कोणी काही शोधून देत नाही. पुरण्याची जागा वेगळी दाखवली आहे का, तेही पाहून घ्या.

रानजाई: मी वनस्पतीशास्त्र शिकवते. सागाची वर्षावर्षाची वलयं स्पष्ट मोजता येतात, चिंचेची नाही. त्यात जुनी चिंच बहुधा आतून पोकळ. म्हणून 'दोनशे' म्हणूच नका, कोणीतरी खोडून काढेल. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर मोजा, फोटो काढा. मोह आणि चिंच 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कडुलिंब त्यात नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्या. आणि खरी भीती कुऱ्हाडीपेक्षा पेव्हर ब्लॉकची! बुंध्याला भिडवून काँक्रीट केलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, झाड उभ्यानं वाळतं.

दगडफोड्या: तिथं दगडांचं गोल रिंगण दिसते का? नागपूर जिल्ह्यातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली रिंगणं लोहयुगातली दफनं निघाली. असलं काही असेल तर जेसीबी आधी थांबवा बावा.

कुहीवाला: रिंगण नाही, शेंदूर लावलेले दोन दगड आहेत फक्त. घेर साडेचौदा फूट भरला. सरपंचबाई शेड बांधाकडं सरकवायला तयार आहेत, पण ग्रामसेवक म्हणते नकाशा मंजूर झाला. तलाठीसाहेब, खसरा नंबर जुन्या सातबाऱ्यावर सापडेल का?

निवृत्त तलाठी: त्याच्या भरवशावर राहू नका. भूमी अभिलेखात जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मागा. अन् अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका.