पावसाळ्यानंतर जुनी जेटस्की सुरू होत नाही: स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे यामाहाची सुमारे पंचवीस वर्षे जुनी जेटस्की आहे: टू-स्ट्रोक, ७०१ सीसी, दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. देवबागला कर्लीच्या खाडीत हंगामात ती पर्यटकांसाठी चालते. मेअखेरीस जलक्रीडा बंद झाल्या, तेव्हा ती गोड्या पाण्याने धुऊन ट्रॉलीवर मांडवात झाकून ठेवली. मात्र गडबडीत टाकीतले अर्धे पेट्रोल तसेच राहून गेले. आता सप्टेंबरात बॅटरी चार्ज केली आणि दोन्ही प्लग नवे बसवले. स्टार्टर जोरात फिरतो, पण चोक ओढूनही इंजिन एकदासुद्धा फुटत (पेट घेत) नाही. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर प्लग काढून पाहिले, तर ते कोरडे निघाले. होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेकॅनिकच्या मते सीडीआय (प्लगची ठिणगी घडवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला आहे. तो भाग महाग आहे आणि लवकर मिळतही नाही. तो मागवण्यापूर्वी काय तपासावे?

जुना फिटर

सीडीआय तूर्त मागवू नका. आपल्या प्रश्नातले महत्त्वाचे वाक्य प्लग कोरडे निघाल्याचे आहे. ठिणगी नसती आणि पेट्रोल येत असते, तर इतका वेळ स्टार्टर मारल्यावर प्लग ओले निघाले असते आणि त्यांना पेट्रोलचा वास आला असता. तरीही अंदाजावर न विसंबता तीन गोष्टी क्रमाने पाहा.

प्रथम सीट काढून इंजिनाचा कप्पा पंधरा-वीस मिनिटे उघडा ठेवा. आत पेट्रोलचा वास असेल तर पुढचे काहीही करू नका, कारण या यंत्राचा तळ बंद डब्यासारखा असतो आणि पेट्रोलची वाफ जड असल्याने तळाशीच साचून राहते. वास नसल्याची खात्री झाल्यावर प्लग कॅपमध्ये लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला घट्ट टेकवा, मनगटाच्या दोरीची क्लिप स्टॉप स्विचखाली बसवा आणि स्टार्टर मारून ठिणगी पाहा. उघड्या प्लगच्या भोकांवर फडके ठेवायला विसरू नका. ठिणगी दिसली नाही, तर आधी स्टॉप स्विचचे कनेक्टर सोडवून पाहा. खाऱ्या हवेत तो स्विच आतून गंजतो आणि दोष मात्र सीडीआयवर येतो.

त्यानंतर थ्रॉटल पूर्ण दाबून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना तयार होणारा दाब) मोजा. दोन्ही आकडे १२० पीएसआयच्या वर असावेत आणि त्यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. शेवटी ५० भाग पेट्रोल आणि एक भाग टू-टी ऑइल असे मिश्रण करून चहाचा अर्धा चमचा प्रत्येक प्लगच्या भोकातून घाला, सांडलेले पुसा, प्लग बसवा आणि स्टार्टर मारा. काय होते ते येथे लिहा.

गुहागरवाला

इतका खटाटोप कशाला? बाजारात स्टार्टिंग स्प्रे मिळतो. फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळी) काढून कार्बोरेटरच्या तोंडात दोन फवारे मारले की उत्तर मिळते. आम्ही जनरेटरला नेहमी तेच करतो.

जुना फिटर

गुहागरवाला, आपला जनरेटर फोर-स्ट्रोक असेल, तर त्याच्या बेअरिंगला तेल संपमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलसाठ्यातून) मिळते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, त्यामुळे कोरडा स्प्रे मारला की तेवढा वेळ पिस्टन आणि क्रँकची बेअरिंग तेलाविना फिरतात, तेही चार महिने उभ्या असलेल्या इंजिनात. चमचाभर मिश्रणाने तेच उत्तर इंजिनाला इजा न करता मिळते.

खाडीकाठ

सांगितल्याप्रमाणे केले. ठिणगी निळी आणि ठसठशीत आहे. कॉम्प्रेशन पुढच्या सिलिंडरला १३५ आणि मागच्याला १३० आले. मिश्रण घातल्यावर इंजिन पहिल्याच झटक्यात फुटले, दोन सेकंद धडधडले आणि बंद पडले. पुन्हा घातले, पुन्हा तसेच झाले. म्हणजे सीडीआय शाबूत आहे असे समजावे ना?

पाणबुडी

होय, तसेच समजावे. आता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल कोठे अडते एवढेच शोधायचे आहे.

सर्वांत आधी टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातला पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी एकत्र आली की पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते आणि इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाशी बसतो. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. बाटलीत दोन थर दिसले, तर ते सगळे पेट्रोल काढून टाका. त्यात नवे पेट्रोल मिसळून भागणार नाही.

नंतर टाकीचे झाकण सैल करून स्टार्टर मारा, म्हणजे टाकीत हवा घेणारा व्हॉल्व्ह अडकला असल्यास कळेल. मग चालू-राखीव-बंद असा जो पेट्रोलचा कॉक असतो, तो वगळून टाकीची नळी थेट पुढे जोडा. जुन्या यंत्रात हा कॉक आतून गंजून बंद होणे अगदी नेहमीचे आहे. तरीही पेट्रोल चढले नाही, तर पंपाकडे वळा. या इंजिनात विजेचा पंप नसतो. क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातला) दाब पिस्टनबरोबर कमी-जास्त होतो, तो एका बारीक नळीने पंपाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि पडदा हलून पेट्रोल ओढले जाते. ती नळी चिरली असेल किंवा पडदा कडक झाला असेल, तर स्टार्टर कितीही फिरवला तरी पेट्रोल येत नाही. पंप काही यंत्रांत कार्बोरेटरच्याच अंगात असतो, काहींत वेगळा. कार्बोरेटर उघडलाच तर आतली नखाएवढी जाळी जरूर पाहा. बाहेरचा फिल्टर स्वच्छ असूनही ती बंद झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

खाडीकाठ

उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये गणपती होते. बाटलीत खरोखरच दोन थर दिसले, खाली बोटभर गढूळ आणि वर पिवळसर. टाकी पूर्ण रिकामी करून पुसली. कॉक वगळून पाहिला, पण फरक पडला नाही. शेवटी कार्बोरेटर उतरवले. आमच्या यंत्रात पंप त्यांच्याच बाजूला आहे. त्याचा पारदर्शक पडदा पिवळा पडून कडेने सुरकुतला होता आणि बोटाने दाबल्यावर चुरचुरला. जाळीवर हिरवट, मेणासारखा थर होता. नखाने खरवडल्यावर तो वडीसारखा निघाला. मेकॅनिकलाही दाखवले आणि सीडीआयचा अंदाज चुकल्याचे त्याने मोकळेपणाने मान्य केले. पडदे, गॅस्केट आणि नीडल यांचा संच मागवला आहे. दुसऱ्या कार्बोरेटरची जाळी त्या मानाने बरी दिसते. एकाच कार्बोरेटरला संच घातला तर चालेल का?

जुना फिटर

चालवू नका, दोन्हींना एकाच वेळी घाला. दोन्ही पडदे एकाच वयाचे आहेत आणि एकाच पेट्रोलमध्ये भिजलेले आहेत. शिवाय एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडले, तर तेलही कमी पडते आणि तोच पिस्टन भर खाडीत जाम होतो. जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ करताना तार वापरू नका. क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा आहे. हिरवट थर ज्या नळ्यांत सापडेल त्या नळ्या धूत बसण्यापेक्षा बदललेल्या बऱ्या.

जोडणी झाल्यावर नळ्या रिकाम्या असल्यामुळे पेट्रोल चढायला वेळ लागेल. पाच-सात सेकंदांहून अधिक स्टार्टर सलग मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. ऑइल पंप (तेल आपोआप पुरवणारा) चालू ठेवला असला तरी पहिल्या टाकीत ५० ला एक या प्रमाणात तेल मिसळा, कारण तेलाच्या नळीत हवा अडकली असण्याची शक्यता आहे.

आणि ट्रॉलीवर सुरू करताना इंजिन थंड ठेवण्यासाठी जोडलेल्या पाण्याच्या पाइपचा क्रम चुकवू नका. आधी इंजिन सुरू करायचे आणि लगेच नळ उघडायचा; थांबवताना आधी नळ बंद करायचा, उरलेले पाणी बाहेर पडेपर्यंत दहा सेकंद हलका थ्रॉटल द्यायचा आणि मग इंजिन बंद करायचे. इंजिन बंद असताना नळ उघडा राहिला, तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरते.

खाडीकाठ

संच काल आला, दोन्ही कार्बोरेटर जोडले. चौथ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले आणि चोक आत ढकलल्यावरही चालू राहिले. आधी इंजिन आणि मग नळ, हाच क्रम पाळला. उद्या भरतीला खाडीत उतरवतो.