मदत हवी आहे: केबिन क्रूला अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा चालतो का?

होटगीरोड: भाचीची केबिन क्रू म्हणून निवड झालीय, बेस मुंबई. अमेरिकेच्या फ्लाइट्स लागणार. तिचा बी१/बी२ व्हिसा चालू आहे, तरी कंपनी सी१/डी (क्रूचा व्हिसा) काढायला सांगतेय. खरंच लागतो? शिवाय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, तिन्ही नावं ‘गिव्हन नेम’मध्येच. सोलापुरात काय उरकेल? युरोप, लंडनचं काय?

विमानवेडा: लागतोच. बी१/बी२ पर्यटनाला, मीटिंगला. ड्युटीवर उतरायला डी. प्रवासी म्हणून जाऊन तिथून ड्युटीचं विमान पकडायचं असेल, म्हणजे डेडहेड, तर सी१. म्हणून दोन्ही एकत्रच काढतात. डीवर जास्तीत जास्त 29 दिवस. मुदत वाढत नाही, तिथे राहून दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. जुना बी१/बी२ सुट्टीत फिरायला जाताना वापरावा.

सातरस्ता: आधी नावाचं बघा, खरी गोची तिथे होते. आडनाव रिकामं असेल तर डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन). चालतं, पण कंपनीच्या क्रू यादीतही पासपोर्टप्रमाणेच हवं. ही यादी उड्डाणाआधीच अमेरिकेला जाते. नाव जुळलं नाही तर क्रू विमानतळावरच अडकतो. दुरुस्ती करायचीच तर डीएस-१६० च्या आधी पासपोर्ट री-इश्यू करा. ते काम सोलापूरच्या पासपोर्ट केंद्रात होतं.

व्हिसासाठी मात्र मुंबई. फी 185 डॉलर, परत मिळत नाही. बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून रात्री परत, हा बेत धरू नका. मुलाखत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), मोबाइल आत नेता येत नाही. कंपनीच्या पत्रात पद आणि विमानातलं काम स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ऑफर लेटर पुरेलच असं नाही.

विमानवेडा: शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, आयकाओ (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना) नमुन्याचं क्रू मेंबर सर्टिफिकेट असेल तर लेओव्हरला, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाला, व्हिसा लागत नाही. मुभा विमानतळाच्या शहरापुरतीच. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने ॲम्स्टरडॅम, हे त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये क्रू म्हणून येऊन 7 दिवसांत क्रू म्हणूनच निघायचं असेल तर व्हिसा नको.

होटगीरोड: लंडनला तिची मावशी आहे. लेओव्हरला जोडून रजा घेतली तर?

विमानवेडा: मग ती क्रू राहिली नाही. आधी व्हिजिटर व्हिसा काढायचा.